वाकडी नळी

ऐन मे महिन्यात नागपूरच्या घरात शेकोटीचा कोनाडा दिसला की हसू येतं. बाहेर पारा 45 अंशांना टेकलेला आणि भिंतीत विस्तवाची सोय! पण 1861 साली मध्य प्रांताची राजधानी इथे आली, सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांचे बंगले उठले, आणि डिसेंबरात पारा 10 च्या खाली उतरला की कोनाड्यांत लाकडं धडाडू लागली. आता बरेच कोनाडे विटांनी बुजवलेत, नाहीतर त्यांत फुलदाणी बसलीय. कुणाला पुन्हा शेकोटीची हौस आली, म्हणजे कळतं की धुराची नळी सरळ नाही.

गिरणीचं धुराडं वेगळं. इथली एम्प्रेस मिल सुरू झाली 1 जानेवारी 1877 ला. तसल्या गिरण्यांचं धुराडं सरळसोट, उंचीच्या जोरावर धूर ओढणारं. घरातली नळी तुळया चुकवत, वळत वर जाते. विलायतेत काजळी काढायला असल्या वळणांत लहान पोरं चढवत; 1875 च्या कायद्याने ते अखेर थांबलं. पोरगं जिथे घुसमटायचं, तिथे आता नुसता ब्रश अडकतो.

नळी साफ करायची तर आधी तिच्या पायाशी आरसा धरून वर बघायचं. उजेड दिसला नाही, तर छपरावरून वजन बांधलेला दोर सोडायचा आणि तो सैल पडला की वरच्या तोंडाशी गाठ मारायची. बाक किंवा घरटं किती खोल आहे, ते गाठ सांगते. इथे काजळीपेक्षा पारव्यांच्या काड्याच जास्त निघतात. पिल्लं असली तर काम तिथेच थांबवावं.

सरळ नळीत काठ्या एकमेकींत पिळून वर ढकलतात, आणि फिरवायच्या त्या उजवीकडेच. उलटा पीळ बसला की आटा सुटतो, ब्रश आतच राहतो. वाकड्या नळीत ढकलाढकली नको. एक माणूस छपरावर, एक खाली, मधे दोर, दोराच्या मध्यावर ब्रश. कोनाड्याच्या तोंडाला ओलं गोणपाट. "अडकलं का थांबाचं, भाऊ. जोर नाही लावाचा," कवेलूंवरून मिस्त्री ओरडतो, आणि खालचा माणूस दोर ढिला सोडतो.

तारेच्या ब्रशाचा मला रागच आहे. आतला चुन्याचा गिलावा जुना, मऊ. तार काजळीबरोबर तोही खरवडते, मग ठिणगीला सागवानी वाशांपर्यंत वाट मोकळी. ओल्या लाकडाच्या धुराने धरलेला चकचकीत, डांबरासारखा थर मात्र साध्या कुंच्याला दाद देत नाही. तो हलक्या हाताने टिचवावा लागतो, त्याला दिवस गेला तरी चालेल.

काम उरकलं की काठ्यांच्या आट्यांतली काजळी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचं बोट फिरवायचं. ओल्या काजळीने धातू सडतो. कुंचा धुवायचा नाही, झटकायचा. बांबूच्या काठ्या भिंतीला टेकवल्या तर वाकतात, म्हणून आडव्या ठेवायच्या. दोर मुठीतून सरकवत तुटके धागे चाचपायचे.

शेवटी कोनाड्यात मूठभर ओला पाला जाळून माळ्यावर जाऊन बघायचं. कवेलूंखाली धूर दिसला, तर या हिवाळ्यात शेकोटी पेटवायची नाही. आधी चुना मागवायचा.