भिंतीचा बंदोबस्त

हायड्रोजनचा अणू जोडीने असतो तोवर अगदी सालस असतो. परंतु विद्युद्विसर्गाने ती जोडी फोडून त्याला एकटा पाडला, की समोर येईल त्याच्याशी कज्जा मांडावयास तो एका पायावर तयार होतो, आणि त्या क्षणभंगुर आयुष्यात गंधकयुक्त सेंद्रिय संयुगांशी त्याने काय देवघेव केली याचा जमाखर्च ठेवणे, हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय. या कामाला गणित लागते असा सार्वत्रिक समज आहे. लागते खरे, परंतु खरी कारागिरी आहे ती काचेच्या भिंतीशी.

नळीच्या आतल्या पृष्ठावर दोन अणू भेटले की पुन्हा जोडी जमते आणि आपल्या हाती उरतो तो निरुपद्रवी वायू. बाल्टिमोरच्या रॉबर्ट वुड यांना 1920 च्या सुमारास लांबलचक विसर्गनळ्यांवर काम करताना आढळले, की किंचित दमट हायड्रोजनात अणू टिकतात, आणि मध्येच धातूची तार ठेवली तर तिच्यावर ते इतक्या झपाट्याने जुळतात की तार तापून लाल होते. आम्ही म्हणून नळी आम्लाने धुऊन, आतून फॉस्फोरिक आम्लाचा पातळ लेप देऊन, मगच पंप लावत असू. विसर्ग नीट पेटला, की 6563 अँगस्ट्रॉमच्या रेषेचा तो तांबूस-गुलाबी प्रकाश नळीभर पसरतो. तो फिकट पडला तर कोठेतरी हवा शिरते आहे असे खुशाल समजावे.

आता गंधकाकडे. मिथाइल मर्कॅप्टन 6 अंश सेल्सिअसलाच उकळते, आणि त्याची दुर्गंधी कशी असते हे घरगुती गॅसच्या गळतीचा वास ज्याने घेतला आहे त्याला सांगावयास नको. तेथे त्याचाच भाऊबंद, इथाइल मर्कॅप्टन, मुद्दाम मिसळलेला असतो. या रेणूपुढे आलेल्या अणूला दोन वाटा मोकळ्या असतात: गंधकावरचा हायड्रोजन हिरावून घेऊन स्वतःची जोडी जमवावी, किंवा थेट गंधकाला भिडून मिथाइल गटाला हुसकावून लावावे. पहिल्या वाटेत सुमारे 87 किलोकॅलरींचा बंध तुटून 104 चा जुळतो. दुसरीतही ऊर्जेची बचत जवळजवळ तितकीच. तथापि बहुसंख्य अणू पहिलीच वाट धरतात. नुसत्या ऊर्जेच्या ताळेबंदावरून विक्रियेचा निवाडा देणाऱ्यांनी हे उदाहरण दप्तरी ठेवावे.

शिसे-ॲसिटेटचा ओला कागद येथे जुना आणि इमानी साक्षीदार: मर्कॅप्टन लागले तर तो पिवळा पडतो, दुसऱ्या वाटेने निघणारे हायड्रोजन सल्फाइड आले तर काळा.

इथिलीन सल्फाइडच्या बाबतीत मात्र संदिग्धतेला जागाच नाही. तीन अणूंचे ते ताणलेले वलय. हायड्रोजनचा अणू त्यातील गंधक घेऊन निघून जातो आणि मागे इथिलीन उरते. द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या सापळ्यात ते गोळा करून मोजता येते. इतकी स्वच्छ विक्रिया या शाखेत क्वचितच वाट्याला येते.

गंधकाची संयुगे आपला थर भिंतीवर ठेवून जातात, आणि कालचा लेप आज तोच राहत नाही. सबब या कामात नव्याने पडणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की मर्कॅप्टनची कुपी जोडण्यापूर्वी रिकाम्या नळीत अणूंचा ऱ्हास किती होतो तो दररोज मोजून वहीत मांडावा; तो आकडा नसेल, तर पुढचे सगळे आकडे कितीही देखणे असोत, मी ते रुजू करून घेणार नाही.