१३३३ ची रॅम, १८६६ चा हट्ट आणि एमबीची अकरा पानं

गेल्या आठवड्यात मी इथेच एक दिलगिरी टाकली होती. पाणीपुरवठा दुरुस्तीच्या एका कामाची रक्कम मी ९,४२,६०० लिहिली होती. सरपंचांचा फोन आला, "भाऊ, एक लाख बेचाळीस आहे. नऊ कुठून आणले?" मी म्हटलं, कागदाचा फोटो आहे माझ्याकडे, बघून सांगतो. फोटो उघडला तर वरचं अर्धं पान स्वच्छ आणि खालचं अर्धं नुसतं करडं. रक्कम नेमकी खालच्या अर्ध्यात.

माफी मागितली. त्यावर कमेंटमध्ये कुणी दबावाचं लिहिलं, कुणी पाकिटाचं. म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय. काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, आणि चूक माझीच आहे.

माझा संगणक २०१३ साली असेंबल केलेला. तिसऱ्या पिढीचा आय-५, झेड७७ बोर्ड, डीडीआर३ रॅमच्या चार-चार जीबीच्या दोन स्टिका, स्टिकर १३३३ चं. तेव्हा केबलच्या बातम्या त्यावर कापायचो. आता व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की चहा पिऊन यावं लागतं. नवीन घ्यावा तर २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव असे चढले की दुकानदारच म्हणाला, थांबा. जगभरची एआयची डेटा सेंटरं मेमरी उचलतायत. मायक्रॉनने तर डिसेंबरात 'क्रूशियल' हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं.

भाचा म्हणाला, "मामा, आहे तीच पळवू." बायोसमध्ये गेला, व्होल्टेज दीडवरून १.६ केलं, टायमिंग थोडं सैल केलं आणि १८६६ लावलं. डिसेंबरच्या थंडीत रात्रभर मेमटेस्ट चालवला. सकाळी एरर शून्य. मीही खूश.

हे होतं कसं? कंपनी चिप तपासते ती वाईटात वाईट परिस्थिती धरून. चिप तापलेली, व्होल्टेज कमी-जास्त, वर्षानुवर्षांचा वापर. त्यातही जी टिकेल ती गती स्टिकरवर छापते. म्हणून गार खोलीत बहुतेक जुनी रॅम स्टिकरच्या पुढे जाते. १३३३ ची १६०० ला जाणं फारसं नवलाचं नाही. १८६६ ला अनेक जातात, २१३३ नशिबाचा भाग. सॅमसंगच्या ३० नॅनोमीटरच्या साध्या हिरव्या स्टिका १६०० च्या असून २१३३ ला जायच्या, तेव्हा पोरं त्या शोधत फिरायची. त्याआधी डीडीआर२ मध्ये मायक्रॉनच्या डी९ चिपांचं असंच वेड होतं, ८०० ची स्टिक हजाराच्या पुढे. पण हे बोर्डावरही असतं. तुमच्याकडे त्याच काळातला स्वस्त एच६१ असेल तर तो रॅमला फार पुढे जाऊच देत नाही. (एका अर्थी भलं करतो.)

फायदा किती झाला? कागदावर बँडविड्थ ४० टक्के वाढली. माझा एकवीस मिनिटांचा एक्सपोर्ट वीस मिनिटांवर आला. बस्स, एक मिनिट. प्रोसेसरला लागणारं बरंचसं त्याच्या स्वतःच्या कॅशमध्येच असतं, रॅमची गती रोजच्या कामात फार दिसत नाही. बोर्डावरच्याच ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला जास्त दिसते. ते पैसे आणि ती रात्र एसएसडीवर घातली असती तर... असो.

आता मे महिना. आमच्या खानदेशातला मे तुम्हाला सांगायला नको. माझं ऑफिस पत्र्याखाली, कूलरची मोटर जळालेली. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, आणि तो पाझरत्या माठासारखा असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, तो पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की पाझर वाढतो. डिसेंबरात जी शिल्लक होती ती गती वाढवून मीच खाऊन टाकली होती. मे आला तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं.

आणि संगणक बंद पडला नाही, हा खरा घात. निळा स्क्रीन आला असता तर कळलं असतं. तो मजेत चालत होता. मी माहिती अधिकारात अभिलेख बघायला गेलो, २१२ पानांचे फोटो फोनवर काढले, आकडे फोनमध्ये बघून शीटमध्ये भरले, फोटो संगणकावर टाकले आणि फोन भरला म्हणून तिथून उडवले. कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते. जेपीजीत वाटेत एक बिट उलटला तरी तिथून खालचं चित्र बिघडू शकतं. अकरा फोटो असे गेले, त्यातले बरेच एमबीचे. एमबी म्हणजे मेगाबाइट नव्हे, मेजरमेंट बुक. ठेकेदार मंडळींना सांगायला नको.

परवा भर दुपारी दोनला मेमटेस्ट लावला. चाळीस मिनिटांत लाल ओळी. पुन्हा १३३३ आणि दीड व्होल्ट केलं, त्याच उकाड्यात आठ तास चालवला. एकही एरर नाही. म्हणजे रॅम खराब नव्हती.

मग ते ९? युनिकोडमध्ये १ आणि ९ यांच्यात फक्त एका बिटाचा फरक आहे. ऐकून गंमत वाटेल, पण बेल्जियममध्ये १८ मे २००३ च्या निवडणुकीत, ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेकमध्ये, एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त मिळाली. शक्य होती त्यापेक्षा मतं जास्त, म्हणून पकडलं गेलं. ४,०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, बरोबर एका बिटाची किंमत. तपासात सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही, बिट आपोआप उलटला असावा असाच निष्कर्ष निघाला. सर्व्हरमध्ये अशी एका बिटाची चूक दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते. तुमच्या-माझ्या संगणकात ती सहसा नसते.

तरी मी सगळा दोष बिटावर ढकलणार नाही. हाताने लिहिलेला १ आणि ९ दिसायलाही भावंडंच. माझा डोळा चुकला असेल. बिट असेल. किंवा कागदावर खरंच ९ असेल, आणि मी उगाच माफी मागितली असेल. ते ठरवायला जो कागद हवा तोच मी गमावला.

सांगायचं एवढ्यासाठी की असे संगणक सेवा केंद्रांत, शाळांत, पतसंस्थांत खूप आहेत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या प्रोसेसरवर ११ अधिकृतपणे चालत नाही, नव्याला पैसे नाहीत. मग कुणीतरी भाचा म्हणतो, पळवू. गेम खेळायचा संगणक असेल तर खुशाल पळवा, फार तर गेम बंद पडेल. पण ज्यावर लोकांचे दाखले, खाती, हजेऱ्या आहेत त्याची रॅम स्टिकरवरच ठेवा. आधीच कुणी वाढवली असेल तर मेमटेस्ट रात्री नको, दुपारी लावा.

मी सोमवारी नवा अर्ज देतोय, तीच पानं पुन्हा बघायला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणून ठेवलाय. रक्कम एक लाखाची निघाली तर इथे लिहीन, नऊची निघाली तरी इथेच लिहीन. या वेळी फोटो फोनमधून उडवणार नाही.