राहुटीची निवड : वऱ्हाडातून तीन पत्रे

चिखलदरा, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप दादांस कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

अमरावतीहून परतवाड्यामार्गे घाट चढून काल दिवस कलताना येथे पोहोचलो. मुलांनी हट्ट धरलेली झटपट उभी राहणारी राहुटी कोणत्या जातीची घ्यावी, ही चौकशी आपण निघतेवेळी माझ्यावर सोपविली होती. मामेबहिणीच्या बिऱ्हाडाने दोन निरनिराळ्या जातींच्या राहुट्या बरोबर आणल्यामुळे तीस अनायासे प्रत्यक्ष प्रमाण लाभले आहे. पहिली स्प्रिंगची. चपट्या वाटोळ्या पिशवीतून काढून तिचे बंद सोडले, की आतली लवचीक कडी उसळते आणि राहुटी आपोआप आकारास येते. दुसरी छत्रीच्या धर्तीची असून तिचे पाय माथ्यावरील सांध्यास कायमचे जोडलेले असतात. दोघांनी समोरासमोर उभे राहून ते लांबविले आणि सांधा वर रेटला, की खटके बसून सांगाडा सिद्ध होतो.

हिवाळ्यात सूर्यास्त लवकर होतो आणि दोन दिवसांच्या सहलीत पहिली संध्याकाळ प्रवासातच सरते, म्हणून उभारणीचा वेग येथे चैनीत मोडत नाही. परंतु अकराशे मीटरांहून उंच असलेल्या या पठारावर, जेथील एका कड्याने हरिकेन हे नाव मिळविले आहे, वारा मोकाट सुटतो, आणि वरचा मातीचा पातळ थर संपताच काळ्या खडकाशी गाठ पडते. तारेच्या नाजूक मेखा मेखसूच्या दुसऱ्या तडाख्यास वाकल्या. अखेर तणावे मोठ्या दगडांस बांधले, तेव्हा झोप लागली. आपोआप उभी राहणारी राहुटीही मेखांवाचून वाऱ्यापुढे टिकत नाही, आणि खडकाळ जमिनीस बारीक परंतु पोलादी मेखाच हव्यात.

शहानूर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

सा. न. वि. वि.

नरनाळ्याच्या पायथ्याशी, वनखात्याच्या संमतीने, गावालगत उतरलो आहोत. गड अभयारण्यात असल्याने रात्रीचा मुक्काम खालीच. महाकाली दरवाजाचे कोरीव काम पाहताना मन अकबराच्या छावणीकडे गेले, कारण नरनाळा हा त्याच्या वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचा, म्हणजे विभागाचा, मुख्य गड होता. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त नमूद केले आहे की, बादशाही छावणीच्या एका सरंजामास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. शिवाय डेऱ्यांचा दुसरा संच पेशखाना म्हणून पुढच्या मजलेस आगाऊ रवाना होई, जेणेकरून बादशहास उभारणीची वाट पाहावी लागू नये. म्हणजे घाई त्या काळीही होतीच. तिचा भार डेरे ठोकणाऱ्या फर्रासांच्या फौजेवर पडे, तो आज स्प्रिंगने उचलला आहे.

मात्र फर्रास डेरा मोडूनही देत, ते काम स्प्रिंग करीत नाही. क्षणात उघडलेली राहुटी आज सकाळी मिटेना. कडी पिळून आठाच्या आकड्यासारखी करावयाची आणि मग दोन वेटाळी एकावर एक पाडावयाची, ही युक्ती मेहुण्यांस अवगत असूनही कापड दवाने ओले असल्याने ती तीनदा निसटली; छत्रीची राहुटी तेवढ्यात पुसून, मिटून गाडीत गेलीही होती. माझे मत असे झाले आहे की, अशा राहुटीची परीक्षा तिच्या मोडण्यावरून करावी, कारण उभारताना सर्वांस उत्साह असतो आणि मोडताना मुले कंटाळलेली, कापड भिजलेले व परतीची वेळ झालेली असते.

अकोला, मार्गशीर्ष शुद्ध नवमी

सा. न. वि. वि.

पूर्णेच्या खोऱ्यात बहिणीच्या सासरच्या शेतावर, कापसाची वेचणी चालू असताना, एक रात्र काढून येथे आलो. येथील जमीन खोल, काळी व या दिवसांत भेगाळलेली असल्याने चिखलदऱ्याच्या बारीक मेखा भेगांतून सहज वर येत. तेथे लांब आणि रुंद पात्याच्या मेखाच धरतात. तेव्हा दोन्ही जातींच्या मेखा बाळगाव्यात.

आता निर्णय. आपण चौघांकरिता छत्रीच्या जातीची, परंतु सहा माणसांची म्हणून विकली जाणारी राहुटी घ्यावी. विक्रेत्याच्या हिशेबात माणसे खांद्यास खांदा लावून निजतात आणि सामानास जागा उरत नाही. ती मिटल्यावरही लांब व जड राहते, म्हणून पाठीवर नेण्यास निरुपयोगी, पण गाडीत घालण्यास योग्य. कापड दुहेरी पाहावे, कारण निजलेल्यांच्या श्वासातील बाष्प थंड पडद्यावर जमते. आतला पडदा जाळीदार व बाहेरचा निराळा असला, तर ते अंथरुणावर ठिबकत नाही. जलरोधनाचा आकडा पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरांत छापलेला असतो. आच्छादनास तो किमान २००० पाहावा आणि तळास त्याहून अधिक, कारण तळावर निजणाऱ्याचा भार पडतो. या प्रांतात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, सबब त्या ऋतूत दिवसा आत बसण्याची आशा कोणत्याही राहुटीकडून धरू नये.

पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून ती आपल्यासमोर उघडून घ्यावी आणि मग वहिनींनी व आपण, त्याची मदत न घेता, मिटून पिशवीत भरावी. पिशवीची साखळी लागली, तरच सौदा पक्का करावा.

मुलांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा, ही विनंती.