स्वभावाला औषध?

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपण बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दलच वापरतो. स्वतःच्या स्वभावाबद्दल बोलायचं असलं की 'मी आहे ही अशी आहे' एवढ्यावर काम भागतं! दुसरी म्हण 'व्यक्ती तितक्या प्रकृती'. ती जरा समजूतदार आहे, पण तीही शेवटी हात वर करूनच मोकळी होते. प्रकृती वेगळ्या आहेत हे मान्य, पण त्या एकमेकींशी जमवून कशा घेणार, ते ही म्हण सांगत नाही.

हल्ली मात्र या रोगावर एक नवा वैद्य आला आहे. तो फोनमध्येच राहतो. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि त्यानंतर अशी बरीच यंत्रं आली. मराठीत बोललं तरी त्यांना कळतं, त्यामुळे आमच्या वयाच्या माणसांनाही ती वापरता येतात. पाककृती विचारून झाल्या, औषधांची नावं विचारून झाली, आता लोक माणसांबद्दल विचारू लागले आहेत. 'माझी विहीण अशी का वागते?', 'शेजारी सरळ उत्तर का देत नाहीत?' आणि यंत्र अगदी शांतपणे, मुद्देसूद उत्तर देतं. न कंटाळता ऐकून घेणारं कोणीतरी मिळणं ही आमच्या वयात लहान गोष्ट नाही, हेही कबूल करायला हवं.

तसं पाहिलं तर माणसांची वर्गवारी करण्याची हौस फार जुनी. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तीन गुण आहेत. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात हे तीन गुण तर सांगितलेच, शिवाय मूर्खांची आणि पढतमूर्खांची लक्षणंही सांगितली. तिकडे युरोपात कार्ल युंग यांचं माणसांच्या प्रकारांवरचं पुस्तक १९२१ साली आलं आणि अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी जगभर पसरली. आपल्याकडे 'अंतर्मुख होणं' म्हणजे आत वळून स्वतःला तपासणं. आता त्याचा अर्थ 'फारसं न बोलणारा' एवढाच उरला आहे, असो.

मला सगळ्यात गंमत वाटते ती १९३६ सालच्या एका उद्योगाची. ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश घेतला आणि माणसाचं वर्णन करणारे शब्द वेचून काढले. ते भरले १७,९५३! कल्पना अशी की माणसामाणसांतला जो फरक लोकांना महत्त्वाचा वाटतो, त्याला भाषेत शब्द असतोच. पुढे अनेकांनी या शब्दांची चाळणी करत करत शेवटी पाच मोठे गुण काढले: नव्याची ओढ, नेटकेपणा, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेणं आणि मन लवकर अस्वस्थ होणं. हे पाच म्हणजे पाच खोकी नव्हेत, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. त्या पाच पट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो आणि बरेचसे मधल्या भागात असतात. म्हणजे 'तो अंतर्मुख आहे' असं म्हणण्यापेक्षा 'तो त्या बाजूला थोडा झुकलेला आहे' हे जास्त खरं.

फोनमधला वैद्य हे सगळं शिकलेला आहे. पण त्याची एक मोठी अडचण आहे. त्याच्यासमोर रोगी नसतो. रोग्याबद्दल तक्रार करणारा असतो.

मागे आमच्या भिशीत एक प्रसंग घडला. आम्ही आठ जणी, सगळ्या निवृत्त. त्यातल्या दोघींची पस्तीस वर्षांची मैत्री. एक बोलकी, दुसरी अबोल. बोलकीच्या यजमानांची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आम्ही सगळ्यांनी फोन केले, पाळीपाळीने जाऊन आलो. अबोलचा ना फोन, ना फेरी. यजमान घरी आल्यावर बाराव्या दिवशी ती लिंबाच्या गोड लोणच्याची बरणी घेऊन आली, वीस मिनिटं बसली, उन्हाळा फार आहे वगैरे बोलली आणि गेली.

बोलकीला ते फार लागलं. तिने नातवाने घालून दिलेल्या त्या एआयला सगळं सांगितलं. उत्तर आलं की अशा व्यक्ती भावनिकदृष्ट्या अलिप्त असू शकतात, नातं एकतर्फी होत असेल तर स्वतःला जपा, अपेक्षा कमी करा. तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. एवढंच नाही, तर भिशी सोडायचंही तिने ठरवलं. "बघ, त्यालासुद्धा कळलं!" म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, त्याला कळायला तू त्याला काय काय सांगितलंस?"

तिने प्रश्न परत वाचला. त्यात बारा दिवस होते, न आलेला फोन होता, उन्हाळ्याच्या गप्पा होत्या. पण बोलकीच्या मुलीच्या लग्नात रुखवताचं काम अडलं तेव्हा तीन रात्री जागून ते पुरं करणारी अबोलच होती, हे त्यात नव्हतं. आणि बारा वर्षांपूर्वी अबोलचे यजमान 'छोटंसं ऑपरेशन आहे' म्हणून दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत, हेही त्यात नव्हतं. बोलकीला या दोन्ही गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. पण दुखावलेलं माणूस हकिगत सांगतं तेव्हा ती आपोआप एका बाजूची होते. त्यात लबाडी नसते, पण व्हायचं ते होतंच.

मग मी तिला म्हटलं, आता या दोन गोष्टी घाल, आणि त्याला सांग की मैत्रिणीच्या जागी बसून हीच हकिगत सांग. यंत्र तेच, उत्तर मात्र पार वेगळं! दवाखान्याच्या जुन्या आठवणी असतील, काय बोलावं हे सुचत नसेल, बोलण्यापेक्षा काहीतरी करून देण्याचा स्वभाव असेल. आणि शेवटी, यातलं खरं कोणतं ते त्यांनाच विचारा.

ती गेली आणि विचारलं. अबोल एवढंच म्हणाली, "दोनदा आले होते गं. लिफ्टपर्यंत."

ही गोष्ट कुठल्या यंत्राला सांगता आली असती? बोलकीलाच ठाऊक नव्हती, तर ती यंत्राला कुठून कळणार? दोघी अजून भिशीला येतात. बोलकी अजूनही म्हणते की एक फोन करायला काय झालं होतं. ते तिचंही खरंच आहे. तिला शब्द लागतात, हिला शब्द जड जातात. हा फरक काही मिटला नाही, पण त्याला 'अलिप्त' हे खोटं नाव पडलं होतं ते पुसलं गेलं.

या प्रसंगानंतर मी 'गप्प बसणं' या एकाच गोष्टीवर विचार करत होते. आपल्या मराठीत त्यासाठी किती शब्द आहेत पाहा. मितभाषी, म्हणजे ज्याचं थोडक्यात भागतं तो. भिडस्त, ज्याला बोलायचं असतं पण भीड आड येते. मुखदुर्बळ, ज्याला चारचौघांत तोंडच उघडता येत नाही. मानी, जो विचारल्याशिवाय बोलणार नाही. घुमा, जो आत धुमसत राहतो. आणि आतल्या गाठीचा, जो मुद्दामच कळू देत नाही. सहाही जण बाहेरून सारखेच गप्प! शाळेतही हेच पाहिलं. वर्गात गप्प बसलेल्या चार मुलांपैकी एकाला फळ्यावरचं दिसत नसे, एक तोतरा असे, एक सकाळपासून उपाशी असे आणि एकाला सगळं आधीच येत असे. 'शांत' हा एकच शेरा त्या चौघांना सारखाच बसतो आणि चौघांबद्दल काहीच सांगत नाही.

एआयला नुसतं 'ती बोलत नाही' असं सांगितलं की ते 'अंतर्मुख' म्हणून मोकळं होतं. पण मी मुद्दाम विचारून पाहिलं, 'ती भिडस्त आहे की मानी, हे कशावरून ओळखावं?' तर बरंच नेमकं उत्तर मिळालं. भिडस्ताला एकटं गाठून विचारलं की तो बोलतो, मानी माणसाला आधी मान द्यावा लागतो, असं काहीसं. म्हणजे शब्द आपण बारीक दिला तर तेही बारीक पाहतं. आपला प्रश्न ढोबळ, तर उत्तरही ढोबळ.

आणखी दोन गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या. १९४८ साली फोरर नावाच्या प्राध्यापकांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून एक कागद दिला. ते किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. गंमत म्हणजे सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, आणि तो बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता! तेव्हा 'किती बरोबर सांगितलंन!' असं वाटणं हा काही पुरावा नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे ही यंत्रं आपल्याला खूश ठेवण्याकडे झुकतात. एप्रिल २०२५ मध्ये तर चॅटजीपीटीची एक नवी आवृत्ती इतकी हांजी हांजी करू लागली की कंपनीला ती मागे घ्यावी लागली. आपली तक्रार ऐकून 'तुमचंच बरोबर' म्हणणारा पंच असेल तर भांडण मिटणार कसं?

आणि यंत्रापुढे मन मोकळं करण्याची ओढ काही आजची नाही. १९६६ साली वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा एक साधा प्रोग्राम जगापुढे मांडला. तो आपलंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत विचारत असे, त्यापलीकडे त्याला फारसं काही येत नव्हतं. तरी त्याच्याशी बोलताना त्यांच्या सेक्रेटरीने त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. आजची यंत्रं त्याच्या कितीतरी पुढे गेली आहेत, मग आपण गुंतणार यात नवल ते काय?

म्हणून याचा वापरच करू नये असं मी म्हणणार नाही. मी स्वतः करते. पण काही पथ्यं पाळते. दुसऱ्याचं नाव, त्याचं आजारपण, त्याच्या घरातल्या गोष्टी ओळख पटेल अशा सांगत नाही, कारण त्या माझ्या नाहीत. 'तो कसा आहे?' असं न विचारता 'तो असं वागला याची चार कारणं काय असू शकतील?' असं विचारते. त्या माणसाने पूर्वी केलेली एक तरी चांगली गोष्ट आठवून प्रश्नात घालते. (हे वाटतं तितकं सोपं नाही, करून पाहा!) आणि शेवटी त्याच्या बाजूने हकिगत लिहायला लावते. पुष्कळदा एवढं केलं की उत्तर वाचायच्या आधीच राग थोडा उतरलेला असतो.

उरतं ते काम मात्र आपलंच. चप्पल घालून त्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि 'का गं?' असं विचारायचं. त्या 'का गं'मध्ये तक्रार किती आणि काळजी किती, हे समोरच्या माणसाला आवाजावरून कळतं. आणि बहुतेक वेळा तेवढं कळलं की ते माणूस बोलतं. अबोलसुद्धा.