कुऱ्हाडे सापडत नाहीत

तर झालं असं, की एका संस्थेसाठी आम्ही सभासदांची यादी वेबवर टाकली होती. नाव टाका, हिशोब बघा. इतकं साधं काम, की टेस्टिंग मी 'पाटील' आणि 'जोशी' टाकूनच उरकलं. (हसू नका, तुम्हीही असंच करता!)

चौथ्या दिवशी फोन आला. कुऱ्हाडे आडनावाचे एक आजोबा दोन हेलपाटे घालून गेले, दोन्ही वेळा उत्तर एकच: 'नाव सापडले नाही.' तीस वर्षांचा सभासद माणूस, आणि काउंटरवरचा पोरगा सांगतो तुम्ही यादीतच नाही. बरं, यादी उघडली तर नाव ढळढळीत समोर.

शनिवारी कन्सोल उघडून बसलो. यादीतले कुऱ्हाडे आणि मी टाइप केलेले कुऱ्हाडे, मध्ये ट्रिपल इक्वल. फॉल्स. मग लेंग्थ काढली. माझी ८, यादीतली ९. डोळ्यांना फरक शून्य.

गोम आपल्या वाऱ्यातल्या 'ऱ्'मध्ये होती. युनिकोडमध्ये तो तीन तऱ्हांनी लिहिता येतो ('तऱ्हा'सुद्धा त्यातलाच). ऱ हे तयार अक्षर आणि हलन्त. किंवा साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. किंवा र, हलन्त आणि वर एक न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. ही तिसरी जुन्या मजकुरासाठी चालू ठेवलेली. जावास्क्रिप्टला अक्षर वगैरे काही कळत नाही. ती यूटीएफ-१६चे तुकडे मोजते आणि तेच ताडून बघते.

२०१५च्या ईएस६मध्ये 'नॉर्मलाइझ' आलं, त्यानं पहिल्या दोघांचं भांडण मिटतं. मोठ्या खुशीत लावलं. तरी फॉल्स! म्हणजे यादी तिसऱ्या तऱ्हेची. वैतागून जॉइनर सरसकट उडवला, तर पडद्यावर 'कुर्हाडे', डोक्यावर रफार. हे त्या आजोबांना दाखवायची माझी काय बिशाद.

शेवटी र-हलन्त-जॉइनर दिसला की तिथे ऱ-हलन्त बसवला, मग नॉर्मलाइझ, आणि हे यादीला आणि शोधाला दोन्हीकडे. दोन ओळींचं काम. या वेळी टेस्टिंगला गोऱ्हे, बऱ्हाटे, कऱ्हाड सगळे घेतले.

सोमवारी आजोबा तिसऱ्यांदा आले. नाव दिसलं. पण पडद्यावरचं त्यांना पुरेना. म्हणाले, कागदावर छापून द्या.