पडद्यावरचा लेखनिक

संहिताचिकित्सेच्या अभ्यासकांना लेखनिकाचे प्रमाद नवे नाहीत. नक्कल करताना ओळ गळते, ऱ्हस्वाचे दीर्घ होते, आणि मूळ पाठ कोणता याचा शोध पुढच्यांना घ्यावा लागतो. संगणकावर मराठी मजकूर तपासतानाही असा एक लेखनिक मध्ये उभा असतो. त्याचे नाव टर्मिनल: आज्ञा टंकायची आणि उत्तरही अक्षरांतच वाचायचे, अशी ही खिडकी.

आमचे रोजचे काम तिच्यातूनच चालते. एखाद्या संग्रहाच्या दोन आवृत्त्या साध्या फायलींत उतरवल्या की ‘डिफ’ ही आज्ञा त्यांतल्या भिन्न ओळी समोर मांडते. ‘ग्रेप’ एखादा शब्द हजारो ओळींतून वेचून आणते. अशा खिडक्या पुष्कळ आहेत आणि त्यांची निवड बहुधा वेग, रंग, देखणेपणा पाहून होते. आमची कसोटी एकच: ही खिडकी मराठी नीट वाचते काय?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. टर्मिनल हे मुळात यंत्र होते. १९७८ साली आलेल्या व्हीटी१०० च्या पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० घरे असत. एका घरात एक अक्षर. आजच्या खिडक्या अशाच यंत्रांची नक्कल करतात. रोमन लिपीला हा चौकटींचा कागद मानवतो. देवनागरीचे अक्षर मात्र घरात मावेलच असे नाही. ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एक अक्षर. युनिकोडमध्ये ती सहा चिन्हे आहेत: स, त, र, दोनदा पाय मोडण्याची खूण आणि शेवटी वेलांटी. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, दिसायला हवी त्याच्या आधी. एक्सटर्म ही १९८४ पासूनची जुनी, भरवशाची खिडकी. पण ही जुळणी ती करीत नाही. तिच्यात ‘विचार’ या शब्दातली वेलांटी ‘व’च्या मागे राहते आणि ‘च’ची वाटू लागते.

फायलीतला मजकूर यामुळे बिघडत नाही, शोधही अचूक लागतो. बिघडते ते आपले वाचन. समोरचा दोष मुद्रकाचा, टंकलेखकाचा की खिडकीचा, हे ओळखता येईनासे होते. पाठभेद शोधणाऱ्याला याहून मोठी अडचण कोणती?

म्हणून आम्ही एमएलटर्म निवडली. अनेक लिप्यांचा विचार करूनच ती घडवली आहे. योग्य फाँट आणि मांडणी दिली की जोडाक्षरे जुळतात. तरी एक मर्यादा उरते. खिडकीत चालणारा संपादक शब्दाची घरे स्वतंत्रपणे मोजतो. दोघांचा हिशेब जुळला नाही तर कर्सर एकीकडे दिसतो आणि अक्षर दुसरीकडे पुसले जाते. यास्तव शोध आणि तुलना आम्ही टर्मिनलात करतो. दुरुस्ती मात्र ईमॅक्सच्या स्वतंत्र खिडकीत, जिथे घरांचे बंधन नाही.

निवड करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवू: रंग पाहण्याआधी ‘विचार’, ‘स्त्री’ आणि ‘कीर्ती’ हे तीन शब्द लिहून पाहावेत. वेलांटी, जोडाक्षर आणि रफार जागच्या जागी दिसले, तर तो लेखनिक कामावर ठेवण्यास हरकत नाही.