पाठीतले दुखणे

लूककृत शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात 18 वर्षे वाकून चालणाऱ्या एका स्त्रीचा प्रसंग आहे. प्रभू येशूने तिला शब्बाथ दिवशी बरे केले म्हणून सभास्थानाचा अधिकारी रागावला. आपल्या घरांतील स्त्रियांच्या पाठदुखीवर रागावण्याइतकेही कुणाचे लक्ष नसते. माझी आई वसईहून पहाटेच्या गाडीने फुलांची टोपली घेऊन वर्षानुवर्षे दादरला जात असे. दोन्ही खवाट्यांच्या मध्ये दुखू लागले तेव्हा "हा माझा क्रूस" एवढेच ती म्हणाली.

पाठीच्या वरच्या भागात 12 मणके असतात आणि त्यांना बरगड्यांच्या 12 जोड्या जोडलेल्या असतात. म्हणून हा भाग मान वा कंबरेइतका वळत नाही आणि तेथील चकतीही क्वचितच सरकते. दुखतात ते बहुधा स्नायू. ओझे, शिवणयंत्रावरचे वाकणे आणि हल्ली मोबाईल ही त्यांची कारणे. शेक, बसण्याची रीत बदलणे आणि खांदे-पाठ बळकट करणारा व्यायाम एवढ्याने अनेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. दीर्घकाळ पडून राहिल्याने मात्र पाठ अधिकच आखडते. (अचानक पाठीत कळ येऊन घाम फुटला, धाप लागली, तर शेक देत बसू नये, हृदयविकाराची वेदना पाठीतही उमटते.)

आईचे दुखणे विश्रांतीनेही थांबेना. रात्री ते तिला जागे करी, संध्याकाळी कणकण येई, पोलके सैल होऊ लागले. एका डॉक्टरांनी "वय झाले" म्हणून गोळ्या दिल्या. पुढे पायातली चप्पल निसटली तरी तिला कळेना. तेव्हा एमआरआय झाला, हाडाचा तुकडा तपासला गेला आणि मणक्याचा क्षय निघाला. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने 1779 साली वर्णिलेला हा विकार आपल्या देशात आजही आढळतो. वेळीच ओळखला न गेल्यास पाय लुळे पडू शकतात.

नातलगांनी आईचा कप वेगळा काढला. तिची फुप्फुसे स्वच्छ होती. नुसत्या मणक्यातला क्षय सहवासाने पसरत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगावे लागले. आईला त्या कपाचे दुःख पाठीपेक्षा अधिक झाले असावे. औषधे दीड वर्ष चालली. शस्त्रक्रिया टळली, पाय वाचले. पाठीला थोडा बाक राहिला आहे. मिस्सेला ती चालत जाते. टोपली मात्र आम्ही माळ्यावर टाकली, आणि त्यावरून ती अजून कुरकुरते.